सोळा बाइट्सचा उंबरठा

एका फंक्शनने दुसऱ्याला बोलावताना मूल्ये कोठे ठेवायची, उत्तर कोठून उचलायचे आणि कोणती रजिस्टरे, म्हणजे प्रोसेसरच्या आतील अतिवेगवान जागा, परतताना जशीच्या तशी राखायची, हे ठरवणाऱ्या नियमांना ‘कॉलिंग कन्व्हेन्शन’ म्हणतात. केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर डेव्हिड व्हीलर यांनी उपप्रोग्रॅमच्या शेवटी परतीची आज्ञा भरण्याची युक्ती योजली, तेव्हापासून हा प्रश्न चालत आला आहे. पुढे निरनिराळ्या प्रोसेसरांचे आणि ऑपरेटिंग सिस्टिमचे नियम वेगळे झाले, एवढ्यावर त्याचा पूर्वेतिहास आटोपता येतो.

अधिक रंजक भाग कंपायलरच्या मध्यवर्ती भाषेत, म्हणजे मूळ प्रोग्रॅम आणि यंत्रभाषा यांच्यामधल्या रूपात, दडलेला आहे. इलिनॉय विद्यापीठात २००० मध्ये ख्रिस लॅटनर आणि मुंबई आयआयटीचे माजी विद्यार्थी विक्रम आडवे यांनी सुरू केलेल्या एलएलव्हीएम या कंपायलर-प्रणालीची अशी भाषा वरवर यंत्रनिरपेक्ष दिसते, कारण तीत रजिस्टरे हवी तितकी घेता येतात. फंक्शनच्या सीमेवर मात्र ही निरपेक्षता टिकत नाही.

सी भाषेतील स्ट्रक्ट, म्हणजे अनेक मूल्यांची एकत्र बांधणी, हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. ६४-बिट इंटेल-एएमडी प्रोसेसरवरील लिनक्समध्ये १६ बाइट्सपर्यंतच्या स्ट्रक्टचे आठ-आठ बाइट्सचे तुकडे पाडून प्रत्येकाची जात पाहिली जाते: पूर्णांक आणि दशांश अशी जोडी असेल, तर पहिला आरडीआय या रजिस्टरात, दुसरा एक्सएमएम-० या रजिस्टरात जातो; आठ-आठ बाइट्सचे तीन डबल, म्हणजे २४ बाइट्स झाले की सगळा ऐवज स्टॅकवर, म्हणजे मेमरीत. चार-चार बाइट्सचे दोन फ्लोट असतील, तर दोन्ही मिळून एकाच एक्सएमएम-० मध्ये बसतात, म्हणून क्लँग हा सीचा कंपायलर मध्यवर्ती भाषेत ‘दोन फ्लोटचा व्हेक्टर’ असा प्रकार लिहितो. एखाद्या नव्या भाषेच्या कर्त्याने तेथे सरळ दोन फ्लोटचे स्ट्रक्ट लिहिले, तर एलएलव्हीएम कोणतीही तक्रार न करता दोन्ही क्षेत्रे दोन रजिस्टरांत वाटून टाकते आणि सीमधील फंक्शनच्या हाती दुसरी संख्या भलतीच पडते. विंडोजवर तर दोन डबलचे स्ट्रक्टही प्रत काढून तिच्या पत्त्याने पाठवले जाते; सारांश, मूळ प्रोग्रॅम तोच असूनही मध्यवर्ती रूप बदलते.

याचे कारण असे की नियम सीच्या प्रकारांवर बेतलेले आहेत आणि मध्यवर्ती भाषेत पोहोचेपर्यंत त्यांतील काही खुणा पुसल्या जातात. युनियनला, म्हणजे एकाच जागेत वेगवेगळ्या प्रकारची मूल्ये ठेवू देणाऱ्या सीमधील रचनेला, तर तेथे स्वतंत्र प्रकारच नाही. म्हणून वर्गीकरणाचा भार पुढच्या टोकावर, म्हणजे मूळ भाषा वाचणाऱ्या भागावर पडतो आणि नेमकी रजिस्टरे वाटण्याचे काम मागच्या टोकाकडे राहते. या वाटणीमुळे क्लँगने एकदा सोडवलेले कोडे रस्टसारख्या भाषेच्या कंपायलरला पुन्हा स्वतः सोडवावे लागते; हे ज्ञान सामाईक लायब्ररीत असणेच अधिक शहाणपणाचे ठरेल.

बाहेरच्या कोणालाही न दिसणाऱ्या फंक्शनांबाबत मात्र कंपायलर मोकळा असतो: त्यांना तो स्वतःच ‘फास्टसीसी’ ही लवचीक पद्धत लावतो आणि त्यांना बोलावणाऱ्या प्रत्येक ठिकाणी तीच नोंद करतो. ही नोंद दोन्हीकडे जुळलीच पाहिजे; फंक्शनवर एक आणि बोलावणाऱ्या आज्ञेवर दुसरी पद्धत असेल, तर ते वर्तन अव्याख्यात मानून ऑप्टिमायझर, म्हणजे प्रोग्रॅम सुधारून वेगवान करणारा कंपायलरचा भाग, तो कॉलच ‘अशक्य वाट’ ठरवून काढून टाकू शकतो. नवे कंपायलर लिहिणाऱ्यांनी, आपला प्रोग्रॅम अचानक आखूड झालेला दिसला, तर दोष ऑप्टिमायझरमध्ये शोधण्याआधी ही नोंद तपासावी.