साडेतीनशे अंशांच्या अलीकडे

मोटारीच्या डॅशबोर्डवरील पिवळा ‘चेक इंजिन’ दिवा ज्या अनेक कारणांनी लागतो, त्यांत ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचा बिघाड हे सहज दुर्लक्षिले जाणारे कारण आहे. गाडी सुरू होते, चढ चढते, एसीही थंड करतो, मग दिव्याकडे कोण पाहतो? अशी गाडी महिनोन्‌महिने चालवणारे पुष्कळ आहेत, आणि या चालवण्यात नेमके काय घडते हे पाहण्यास पनवेल सोयीचे आहे, कारण इथली एक गाडी कळंबोलीहून द्रुतगती मार्गाला लागून थेट पुणे गाठते, तर शेजारच्याच इमारतीतली दुसरी रोज फक्त घर ते स्टेशन एवढीच फिरते.

ऑक्सिजन सेन्सर म्हणजे एक्झॉस्टच्या नळीत बसवलेली, झिर्कोनिया या सिरॅमिकची बोटाएवढी वस्तू. जळून बाहेर पडणाऱ्या वायूत प्राणवायू किती उरला आहे, हे ती विद्युतदाबाच्या रूपाने इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, कळवते: इंधन जास्त झाले की सुमारे ०.९ व्होल्ट, हवा जास्त झाली की ०.१. एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे प्रमाण ईसीयू याच निरोपावरून राखतो. मात्र झिर्कोनियातून प्राणवायूचे आयन तो तापल्याशिवाय वाहत नाहीत. वाल्टर नेर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली झिर्कोनियाच्या कांडीचा दिवा बनवला तेव्हाही हीच अडचण होती. कांडी आधी तापवल्याखेरीज दिवा लागत नसे. मोटारीत हा सेन्सर १९७६ साली व्होल्वोमध्ये आला तो हीटरविना, एक्झॉस्टच्या उष्णतेवर तापणारा. हीटर त्यानंतर काही वर्षांनी, १९८२च्या सुमारास जोडला गेला.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगतच्या एका गॅरेजातील प्रौढ मिस्त्री हे सगळे एका आकड्यात सांगतात. “साडेतीनशेच्या खाली सेन्सर मुका असतो, साहेब. तोवर गाडी अंदाजाने पेट्रोल पिते.” साडेतीनशे म्हणजे अंश सेल्सिअस. अंदाज म्हणजे ईसीयूमध्ये आधीच साठवलेले ठोकताळे, आणि इंजिन अडखळू नये म्हणून ते बहुधा इंधन थोडे जास्तच देतात. हीटर धड असेल तर ही अवस्था मिनिटभरातच संपते. तो जळाला असेल तर एक्झॉस्ट तापेपर्यंत थांबावे लागते, आणि काही गाड्यांत हीटरचा दोष नोंदला गेला की ईसीयू सेन्सरवर विश्वास ठेवणेच सोडून देतो. नव्या गाड्यांतील ‘वाइडबँड’ सेन्सरला तर साडेसातशे अंशांच्या आसपास तापमान लागते, त्यामुळे हीटर गेला की तो निरुपयोगीच ठरतो.

जुन्या पद्धतीचा सेन्सर असेल तर पुण्याला जाणाऱ्या गाडीला फरक फारसा जाणवत नाही, कारण घाटात एक्झॉस्टच सेन्सरला तापत ठेवतो. फटका बसतो तो स्टेशनच्या गाडीला. सेन्सर साडेतीनशेपर्यंत पोचण्याआधीच फेरी संपते, किंवा कळंबोली सर्कलच्या कोंडीत इंजिन नुसते गुरगुरत राहिले की तापलेला सेन्सर पुन्हा निवतो. अशा गाडीमागे सकाळी उभे राहिले की कच्च्या पेट्रोलचा उग्र वास येतो. ते जादा इंधन पुढच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर, म्हणजे प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंच्या मुलाम्याने विषारी वायू निवळणाऱ्या डब्यावर, जाऊन पडते. हा डबा खराब झाला तर त्याची किंमत सेन्सरच्या कित्येक पट असते. कन्व्हर्टरच्या मागे बसवलेला दुसरा सेन्सर प्रामुख्याने कन्व्हर्टरवर नजर ठेवतो, त्यामुळे त्याचा हीटर गेल्यास नुकसान बरेच कमी.

गॅरेजातील काम दिसायला किरकोळ आहे. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला की ‘पी ०१३५’ हा पुढच्या सेन्सरच्या हीटरचा कोड दिसतो, आणि बरीच दुकाने इथेच थांबून नवा सेन्सर मागवतात. हे मिस्त्री आधी फ्यूज पाहतात, मग कनेक्टर सोडून, बहुतेक सेन्सरांत पांढऱ्या असणाऱ्या हीटरच्या दोन वायरींवर मल्टिमीटर टेकवतात. धड हीटरचा रोध गाडीगणिक साधारण २ ते १५ ओहम भरतो. आत तार तुटली असेल तर मीटर काहीच दाखवत नाही. रोध ठीक असेल तर दोष वायरिंगकडे वळतो, आणि पनवेलच्या पावसात कनेक्टरमध्ये शिरलेले पाणी, हिरवी पडलेली पिन किंवा उंदराने कुरतडलेली वायर सापडणे नवलाचे नाही. तापलेल्या सेन्सरवर साचलेल्या पाण्याचा फवारा बसला की सिरॅमिक तडकू शकते, हेही पावसाळ्याचेच देणे. सेन्सर काढताना गंजलेल्या आट्यांवर तेल सोडतात. गरम नळीवर त्याचा धूर होतो, मिस्त्री मान वळवतात आणि पाना दाबून धरतात.

घाईतल्या गिऱ्हाइकाला मात्र कोड उडवून हवा असतो. दिवा विझतो, ईसीयूची पुढची तपासणी होताच तो पुन्हा लागतो, आणि मधल्या काळात गाडी विकलीही जाऊ शकते. हा सरळ फसवणुकीचा प्रकार आहे. पीयूसीचाही इथे फारसा आधार नाही: भारत स्टेज ४ व ६ च्या पेट्रोल गाड्यांना आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे, पण चाचणी तापलेल्या इंजिनावर होते आणि साडेतीनशेच्या अलीकडची मिनिटे तिच्या हिशेबात येतच नाहीत.

दिवा लुकलुकत असेल तर तो हीटरचा प्रश्न नव्हे, मिसफायरचा असण्याची शक्यता मोठी. तेव्हा गाडी बाजूला घ्यावी. तो स्थिर असेल तर गाडी गॅरेजपर्यंत खुशाल चालवावी, पण कोड पुसण्याआधी हीटरचा रोध मोजायला सांगावे आणि तो आकडा बिलावर लिहून घ्यावा.