विश्लेषण : अ‍ॅम्प्लिफायर मोठा केला, तर बारामतीचा रेडिओ इंदापूरपर्यंत जाईल का?

बारामतीतील विद्या प्रतिष्ठानची ‘वसुंधरा वाहिनी’ हे 90.4 मेगाहर्ट्झवरील सामुदायिक रेडिओ केंद्र. तिथून इंदापूर सरळ रेषेत सुमारे 45 किलोमीटर. अशा केंद्राच्या अ‍ॅम्प्लिफायरची ताकद वाढवून हे अंतर कापता येईल का?

पॉवर अ‍ॅम्प्लिफायर काय करतो?

एक्सायटरमधून आलेला क्षीण सिग्नल तो वाढवतो. पुढे फिल्टर, कोअ‍ॅक्सियल केबल आणि अँटेना असा क्रम असतो. फिल्टर नसेल, तर दुपटीच्या म्हणजे 180.8 मेगाहर्ट्झवरही नको असलेल्या लहरी बाहेर पडू शकतात.

जोडताना धोका कुठे?

अ‍ॅम्प्लिफायर, केबल आणि अँटेना यांचा मेळ सहसा 50 ओहमवर बसवतात. तो बिघडला, की काही ऊर्जा उलटी फिरते. एसडब्ल्यूआर 2 असेल, तर सुमारे 11 टक्के. अँटेना जोडलीच नसेल, तर जवळपास सगळी. मग ट्रान्झिस्टर जळून केंद्र बंद पडू शकते. म्हणून अँटेना किंवा डमी लोड जोडल्याशिवाय अ‍ॅम्प्लिफायर सुरू करायचा नसतो.

मग इंदापूरचे काय?

सामुदायिक केंद्राला सर्वसाधारणपणे 100 वॅट प्रभावी प्रसारण शक्ती आणि जमिनीपासून कमाल 30 मीटर उंच अँटेना मिळते. अपेक्षित पल्ला 5 ते 10 किलोमीटर. एफएम लहरी साधारण सरळ जातात. 30 मीटरवरून रेडिओ क्षितिज सुमारे 22 किलोमीटरवर संपते. वॅट दुप्पट केले, तरी सिग्नल 3 डेसिबलनेच वाढतो. शिवाय परवान्याबाहेरची शक्ती बेकायदा. थोडक्यात, इंदापूरसाठी वेगळे केंद्र किंवा इंटरनेट हाच व्यवहार्य मार्ग.