दुप्पट हॉर्सपॉवरची बोट दुप्पट वेगानं का पळत नाही?



आपल्या सेनगाव भागातल्या मुलांना हॉर्सपॉवर हा शब्द पुस्तकातून शिकवावा लागत नाही. विहिरीवर तीनची मोटर आहे की पाचची, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर पस्तीसचा की पन्नासचा, हे तिसरीतलं पोरगंही सांगतं. पण तीच मुलं मोबाईलवर वॉटर स्कीचे व्हिडिओ बघतात आणि विचारतात, "सर, त्या बोटीला ट्रकचं इंजिन बसवलं तर ती किती जोरात पळेल?" बहुतेक मोठी माणसं पटकन सांगतात, "इंजिन दुप्पट तर वेग दुप्पट." हे उत्तर चुकीचं आहे. का चुकीचं आहे, ते समजून घेताना नववीच्या विज्ञानातला 'कार्य आणि ऊर्जा' हा अर्धा पाठ शिकवून होतो.

आधी ही बोट कोणती ते पाहू. पायाला लांब फळ्या बांधायच्या, बोटीच्या मागची दोरी धरायची आणि पाण्यावरून घसरत जायचं, हा वॉटर स्कीचा खेळ. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या राल्फ सॅम्युएलसन या तरुणानं १९२२ साली तो पहिल्यांदा करून दाखवला. या खेळाच्या बोटीचं इंजिन मागं लटकत नाही, बोटीच्या पोटात असतं. त्यातून निघालेला दांडा म्हणजे शाफ्ट तळातून तिरपा बाहेर येतो आणि त्याच्या टोकाला पंखा असतो. कोकणातले मच्छीमार प्रोपेलरला पंखाच म्हणतात, आपणही तेच म्हणू. रचनेच्या बाबतीत कोकणातला ट्रॉलर, गेटवेची लाँच आणि ही खेळाची बोट एकाच कुळातल्या. फरक एवढाच की ट्रॉलरला सहसा डिझेल इंजिन असतं आणि स्कीच्या बोटीला बहुधा पेट्रोलचं, मोठ्या मोटारीच्या इंजिनावरून तयार केलेलं. ५.७ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन त्यात वर्षानुवर्षं वापरलं गेलं. आजच्या बोटी तीनशे-चारशे हॉर्सपॉवरच्या असतात, म्हणजे आपले सात-आठ ट्रॅक्टर एका बोटीत.

एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. मुलांना असं सांगा: साधारण ७६ किलोचं पोतं एका सेकंदात एक मीटर वर उचलायची ताकद. ही ताकद पाण्यात कुठं जाते, ते बघायला प्रयोग करावा लागतो.

शाळेतला लांब हौद किंवा जनावरांची पाण्याची डोणी घ्या. थर्माकोलच्या चौकोनी तुकड्याला दोरा बांधा, दोरा हौदाच्या कडेवरून खाली सोडा आणि टोकाला लोखंडी वायसर अडकवा. कडेला तेलाचं बोट लावा, नाहीतर दोरा घासून सगळं गणित बिघडवतो. वायसर खाली जाईल तसा थर्माकोल पुढं ओढला जातो. आता शेवटच्या अर्ध्या अंतराला किती सेकंद लागतात ते मोजा. सुरुवातीचं अंतर सोडून द्यायचं, कारण तिथं वेग अजून वाढत असतो. मग दोन वायसर लावा. वेग दुप्पट होत नाही. दुप्पट वेगासाठी जवळपास चार वायसर लागतात. आकडा तंतोतंत येणार नाही, पण कल स्पष्ट दिसतो.

म्हणजे वेग दुप्पट केला की पाणी चौपट जोरानं अडवतं. आणि शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. बल चौपट, वेग दुप्पट, म्हणून शक्ती आठपट! आता उलटं गणित करा. शक्ती फक्त दुप्पट केली तर वेग किती वाढेल? ज्या संख्येचा घन २ येतो ती संख्या १.२६. म्हणजे ४० हॉर्सपॉवरच्या बोटीला ८० चं इंजिन बसवलं तर वेग शंभराचा सव्वाशेच्या आसपास. खर्च मात्र दुप्पट किंवा त्याहून जास्त.

स्कीची बोट यातून थोडी सुटते. ठरावीक वेगानंतर ती पाणी कापत नाही, पाण्यावर चढते. तळ्यात चपटा दगड टप्पे घेत जातो तशी. मग तळाचा फारच थोडा भाग पाण्यात राहतो. अशा बोटीत शक्ती दुप्पट केली तर वेग साधारण १.४१ पट होतो, म्हणजे ४० चा ५६. लांबट आणि जड बोटीचं उलट असतं. ती स्वतःच्याच लाटेच्या खड्ड्यात अडकते. पाण्याच्या रेषेवर ३६ फूट लांब असलेल्या जड बोटीचा सहज वेग ताशी १५ किलोमीटरच्या जवळ थांबतो. तिथून पुढं इंजिन वाढवणं म्हणजे बहुतांशी मोठी लाट विकत घेणं. मासेमारीच्या नौकेलाही जास्त शक्ती लागते, पण ती पळण्यासाठी कमी आणि जाळं ओढण्यासाठी जास्त.

म्हणून ज्याला बोट जोरदार करायची आहे त्यानं आधी इंजिनाकडं बघूच नये, पंख्याकडं बघावं. पंखा एका फेऱ्यात घट्ट पदार्थातून स्क्रूसारखा जितका पुढं गेला असता, ते अंतर त्याच्यावर इंचात लिहिलेलं असतं. समजा ते १२ इंच आहे आणि पंखा मिनिटाला ३००० फेरे फिरतो. मिनिटाला ३००० फूट, म्हणजे ताशी सुमारे ५५ किलोमीटर. पाणी लाकडासारखं घट्ट नसतं, त्यामुळं शंभरातले दहा-वीस भाग घसरण्यात जातात. हे अंतर जास्त असलेला पंखा म्हणजे सायकलचा मोठा गिअर: सपाटीवर मस्त, चढावर पाय थांबतात. स्कीच्या खेळाडूला पाण्यातून वर ओढायचं असतं तेव्हा जोर लागतो, तिथं कमी अंतराचा पंखाच बरा. पंखा मोठा झाला तर इंजिन आपल्या ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत पोचतच नाही, दम लागतो, डिझेल असेल तर काळा धूर ओकतं. मालक म्हणतो इंजिन कमी पडलं, आणि दोष असतो पंख्याचा. तळाला चिकटलेलं शेवाळ, बोटीच्या तळात साचलेलं पाणी, विनाकारण भरलेलं सामान, हेही आधी काढायचं. त्याला पैसे लागत नाहीत, म्हणून कुणी मनावर घेत नाही.

एवढं करूनही शक्ती हवीच असेल तर मग इंजिन. इथं मुलांना एक वाक्य पाठ करायला लावलं तरी चालेल: इंजिन हवेवर चालतं. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. ती जवळपास १२ घनमीटर भरते, म्हणजे दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद, तीन मीटर उंच खोलीभर. इंधन जास्त ओतणं सोपं आहे, हवा जास्त आत घालणं अवघड. आपल्याकडं ट्रॅक्टरच्या डिझेल पंपाची सेटिंग वाढवून घेतात. हवा तेवढीच राहिली तर जास्तीचं डिझेल अर्धवट जळून काळा धूर होतं आणि इंजिन तापतं.

हवा वाढवायचे रस्ते मोजकेच. सिलिंडरची जागा वाढवायची: ५.७ लिटरच्या इंजिनाला लांब फेऱ्याचा क्रँकशाफ्ट घालून आणि सिलिंडर किंचित मोठे करून ते ६.३ लिटरचं करतात, हा अमेरिकेतला जुना आणि भरवशाचा उपाय. किंवा फेरे वाढवायचे. किंवा टर्बोनं हवा दाबून भरायची. किंवा व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहतील असा कॅमशाफ्ट बसवायचा. या शेवटच्या उपायात एक गंमत आहे, जी मोटारीच्या मेकॅनिकला सहसा माहीत नसते. बोटीचा धूर थंड करायला सायलेन्सरच्या नळीत पाणी सोडलेलं असतं. आत येणारा आणि बाहेर जाणारा व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे राहिले तर संथ फेऱ्यांवर तेच पाणी उलटं ओढलं जाऊन सिलिंडरपर्यंत येऊ शकतं. रस्त्यावर जे इंजिन वाघ ठरतं, ते पाण्यात पाणी पिऊन मरतं.

आणि बोटीला उतार नसतो. मोटार घाट चढते, मग उतरताना इंजिन विसावा घेतं. बोट सतत चढावरच असते. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण मुलांना तो लगेच पटतो. इंधनातल्या उष्णतेचा अंदाजे तिसरा भाग कामाला येतो, बाकीची उष्णता थंडाव्याच्या पाण्यात आणि धुरातून जाते. शक्ती वाढवली की ही बाकीचीही वाढते. म्हणून पाण्याचा पंप, तेल थंड करण्याची सोय, गिअरबॉक्स, शाफ्ट हे सगळं नव्या जोराला झेपेल असं पाहावं लागतं. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळात साचते. रस्त्यावरच्या स्टार्टरची एक ठिणगी तिथं पुरेशी होते. बोटीचे स्टार्टर आणि अल्टरनेटर बंदिस्त बनावटीचे असतात ते यासाठीच, आणि इंजिन सुरू करण्याआधी तळातली हवा पंख्यानं काही मिनिटं बाहेर काढतात. जुन्या मोटारीचे स्वस्त भाग इथं लावू नयेत.

आता थांबण्याचं बघू. बोटीला ब्रेक नसतात. वेग ४० चा ५६ झाला की गतिज ऊर्जा दुप्पट होते आणि ती जिरवायला पाण्याशिवाय काही नसतं. शिवाय इंजिन पोटात असलेल्या बोटीचं सुकाणू पंख्यानं मागं फेकलेल्या पाण्यावर जोर घेतं. इंजिन बंद पडलं की वळण्याची ताकदही घटते. नवं इंजिन बसवल्यावर किंवा दुरुस्तीनंतर चाचणी मोकळ्या पाण्यात घ्यायची ती यासाठी. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान बोट येऊन आदळली. तिच्या इंजिनाची चाचणी चालू होती, आणि इंजिनातल्या बिघाडामुळं ताबा सुटला असं नौदलानं सांगितलं. १५ जणांचे जीव गेले. घारापुरीच्या लेण्यांना राज्यभरातून सहली जातात, आपल्यातल्याही कुणी नेली असेल.

आपल्याकडं पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर, पैनगंगेवर इसापूर, एवढे मोठे जलाशय जवळ आहेत. अशा पाण्यासाठी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे; त्यात यांत्रिक बोटीची तपासणी आणि नोंदणी आहे, आणि बोटीत मोठा बदल केला तर तोही नोंदवायचा आहे. मुलांना घेऊन कोणत्याही इंजिनाच्या बोटीत बसण्याआधी चालकाला विचारा: बोटीची नोंद आहे का, किती माणसांची परवानगी आहे, इंजिन मूळचं आहे की बदललेलं. लाइफ जॅकेट सगळ्यांना आहे का ते मोजा, आणि लहान मुलांना त्यांच्या मापाचंच द्या. मोठ्या माणसाचं जॅकेट घातलेलं लेकरू पाण्यात पडलं तर जॅकेट वर तरंगतं आणि लेकरू खालून निसटतं.