पाणबुड्याच्या पोशाखाची डागडुजी

पाणी माणसाच्या अंगातील उष्णता हवेच्या सुमारे 25 पट वेगाने ओढून घेते, त्यामुळे तारकर्लीच्या किंवा गोव्याच्या उबदार समुद्रातही बराच वेळ पाण्याखाली राहणाऱ्या पाणबुड्याला हुडहुडी भरू शकते. ही उष्णता राखणाऱ्या पोशाखांपैकी सर्वांत प्रचलित असलेला ‘वेटसूट’ निओप्रीन या कृत्रिम रबरापासून बेतलेला असून, त्या रबरात वायूचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे कोंडलेले असतात. ऊब टिकते ती प्रामुख्याने या बुडबुड्यांमुळे, तेव्हा अंग कोरडे राहिलेच पाहिजे असे नाही, ही गोष्ट 1950च्या दशकाच्या प्रारंभी कॅलिफोर्नियातील भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी हेरली. सूटमध्ये शिरलेले थोडेसे पाणी अंगाच्या उबेने तापते; मात्र ते आत-बाहेर खेळत राहिले, तर गार पाण्याला पुन्हा पुन्हा ऊब पुरवण्यातच शरीर थकते. म्हणून या पोशाखाच्या दुरुस्तीत फाटके झाकण्यापेक्षा पाण्याची वाट बंद करण्याला अधिक महत्त्व असते.

नेहमीच्या शिंपीकामाची सवय येथे उलट अडचणीची ठरते, कारण आरपार घातलेला प्रत्येक टाका रबराला एक नवे भोक पाडतो. त्यामुळे चांगल्या वेटसूटची शिवण आधी चिकटवली जाते आणि मग वाकड्या सुईने अशी टाचली जाते, की सुई रबराच्या निम्म्या जाडीपर्यंत शिरून त्याच बाजूने वर येते. घालताना ओढाताण होऊन नखाने पडलेली चीर ही सर्वांत नेहमीची तक्रार असून, तिला बहुधा सुई लागतही नाही. चीर गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी, दोन्ही कडांना निओप्रीनचे सोल्युशन पातळ लावावे, ते बोटाला चिकटेनासे झाले की दुसरा हात द्यावा, आणि तोही सुकल्यावरच कडा एकमेकींना भिडवून दाबाव्यात. सोल्युशन ओले असताना केलेली घाई हेच फसलेल्या सांध्याचे बहुतेक वेळा कारण असते. शिवाय एकदा भिडलेल्या कडा सरकवता येत नसल्याने नेम पहिल्याच वेळी साधावा लागतो.

सैल सूट आत घेताना कापडासारखी दुमड घालून चालत नाही, कारण दुमडीची वळी अंगाला टोचते आणि तिच्या कडेने पाणी वाहू लागते. बाजूची जादा पट्टी कापून काढून उरलेल्या कडा समोरासमोर जोडणे, हाच खरा मार्ग होय. तंग सूट वाढवायचा तर तेवढ्याच जाडीच्या व तेवढ्याच ताणाच्या निओप्रीनची कळी लावावी लागते. काखेत मात्र अनेक शिवणी एकत्र येत असल्याने तेथे शक्यतो कात्री लावू नये.

थंड समुद्रांत वापरल्या जाणाऱ्या ‘ड्रायसूट’मध्ये पाणी मुळीच शिरू द्यायचे नसते. त्याच्या एका प्रकारात दोन कापडांमध्ये ब्यूटिल रबराचा थर असतो, तर गळ्याला व मनगटांना बहुधा लॅटेक्सच्या पातळ पट्ट्या असतात, ज्या ऊन, ओझोन व तेलकट मलमे यांनी चिकट होतात किंवा तडकतात. नवी पट्टी गळ्याच्या मापाने कापताना अरुंद कडाच तेवढ्या काढत जाव्यात, कारण जास्त कापलेले परत जोडता येत नाही आणि कमी कापले तर मानेतील रक्तवाहिनीवर दाब येऊन घेरी येण्याचा धोका असतो. गळती शोधण्याची रीत सायकलच्या पंक्चरवाल्याच्या ओळखीची आहे: मनगटे व गळा बुचे मारून बंद करायचे, सूट हवेने फुगवायचा, वरून साबणाचे पाणी फिरवायचे आणि जेथे फेस फुगेल तेथे खडूने खूण करायची. पितळी दातांच्या जलरोधक चेनला वेळोवेळी मेण चोळावे. तिचे दात निखळले तर अख्खी चेन बदलावी लागते, आणि ते काम खर्चिक असते.

एका झिजेवर मात्र कोणतेही सोल्युशन चालत नाही. 30 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या चौपट होऊन निओप्रीनमधील बुडबुडे दबतात, वर आल्यावर ते बरेचसे फुगतात खरे, पण वर्षानुवर्षांच्या वापराने त्यांच्या भिंती फुटून रबर कायमचे चपटे होते. तेव्हा जुना वेटसूट दुरुस्तीला टाकण्यापूर्वी त्याची जाडी मोजून पाहावी. मूळचे 5 मिलिमीटर निम्म्यावर आले असतील, तर दुसऱ्या सूटला ठिगळे लावण्यापुरताच त्याचा उपयोग उरतो.