एका अक्षराचे अंतर

महाराष्ट्रात जळगाव नावाची गावे एकाहून अधिक. एक खानदेशातले, जिल्ह्याचे ठिकाण. दुसरे सातपुड्याच्या पायथ्याचे आमचे जळगाव जामोद. त्यातही ‘जामोद’ इंग्रजीत लिहिताना कोणी शेवटी ‘ई’ लावतो, कोणी लावत नाही. तरीही पत्र योग्य गावी पोहोचते, कारण पाकिटावर पिन कोड असतो. नाव फसवू शकते, क्रमांक सहसा फसवत नाही.

हीच गोष्ट युद्धात हरवलेल्या माणसाच्या बाबतीत घडली तर?

५ डिसेंबर १९७१. भारत-पाकिस्तान युद्ध नुकतेच पेटले होते. हवाई दलाच्या ३२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हे सुखोई-७ विमानातून पाकिस्तानातील शोरकोट रोड येथील विमानतळावर हल्ल्यासाठी गेले आणि परतले नाहीत. त्याच महिन्यात ‘संडे पाकिस्तान ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्रात जिवंत पकडलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी आली. तीत एक नाव होते, ‘टॉम्बे’. तांबे की टॉम्बे? इंग्रजीत फरक एकाच अक्षराचा : ‘ए’च्या जागी ‘ओ’. पाकिस्तानने मात्र असे कैदी आपल्याकडे नसल्याचे सांगितले. जून २००७ मध्ये बेपत्ता जवानांच्या काही नातेवाइकांनी तेथील तुरुंग पाहिले. कोणाचाही शोध लागला नाही.

अशा वैमानिकांच्या नोंदी विखुरलेल्या असतात : काही सरकारी दप्तरात, काही शत्रूदेशाच्या वृत्तपत्रात, काही घरच्या ट्रंकेत. त्या एकत्र आणण्याचे काम आता इंटरनेटवरील संग्रह करतात. दोन्ही महायुद्धांत कामी आलेल्या राष्ट्रकुलातील सुमारे १७ लाख जणांची नोंदवही राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने १९९८ मध्ये इंटरनेटवर खुली केली. तीत अविभाजित भारताचे सैनिक आणि वैमानिकही आहेत. आपल्या हवाई दलातील अधिकाऱ्यांची माहिती ‘भारत रक्षक’ या संकेतस्थळावर हौशी अभ्यासकांनी सेवाक्रमांकासह जमवली आहे.

आता प्रश्न असा, की स्पेलिंग चुकले असेल तर संगणक नाव शोधणार कसा?

यावरची एक युक्ती संगणकाहूनही जुनी आहे. ‘साउंडेक्स’ नावाच्या या पद्धतीचे पेटंट अमेरिकेत १९१८ मध्ये दिले गेले. इंग्रजी नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवायचे. पुढचे स्वर, तसेच ‘एच’, ‘डब्ल्यू’ आणि ‘वाय’ गाळायचे. उरलेल्या अक्षरांना अंक द्यायचे : बी, एफ, पी, व्ही यांना १, सी, जी, जे, के, क्यू, एस, एक्स, झेड यांना २, डी, टी यांना ३, एल ला ४, एम, एन यांना ५, आर ला ६. शेजारी एकच अंक आला तर तो एकदाच लिहायचा. तीन अंक भरले की थांबायचे. कमी पडल्यास शून्ये जोडायची. उच्चार जवळचा, म्हणून गट एक. आपल्या वर्णमालेतील वर्गांचीही कल्पना अशीच आहे.

करून पाहा. तांबे : टी, मग एम म्हणजे ५, बी म्हणजे १. संकेत झाला टी-५१०. टॉम्बे? तोही टी-५१०! वेगळी दिसणारी दोन नावे यंत्राने शेजारी आणून ठेवली.

पण घाई करू नका. केरळातील ‘थंपी’ या आडनावाचा संकेतही टी-५१० च येतो. उलट आपल्याकडचे वानखडे कोणी ‘डब्ल्यू’ने, कोणी ‘व्ही’ने लिहितात, पहिले अक्षर बदलले की संकेतही बदलतो आणि एकाच घरातील दोन भाऊ यादीत दुरावतात. म्हणून यंत्राने दिलेले उत्तर हा केवळ संशय असतो. तारीख, स्क्वाड्रन, विमानाचा प्रकार आणि सेवाक्रमांक हे सारे जुळले तरच दोन नोंदी एका माणसाच्या मानायच्या. भौतिकशास्त्रात एका मोजमापावर आपण निष्कर्ष काढत नाही, तसेच हे.

या कामात तुम्हीही मदत करू शकता. आपल्या नात्यात वा गावात कोणी सैन्यात वा हवाई दलात होते का, ते विचारा. घरच्यांच्या परवानगीने जुन्या छायाचित्रांच्या आणि पत्रांच्या प्रती काढा. प्रत्येकीसोबत नाव देवनागरीत आणि इंग्रजीत, त्याची इतर स्पेलिंगे, सेवाक्रमांक, तारीख आणि सांगणाऱ्याचे नाव लिहा. जे अंदाजाने लिहिले, त्यापुढे ‘अंदाज’ असेच लिहा. तीन प्रती तीन ठिकाणी ठेवा. एक नष्ट झाली तरी दोन उरतील.

तांब्यांच्या पत्नी दमयंती तांबे या अर्जुन पुरस्कार मिळवणाऱ्या बॅडमिंटनपटू. त्यांनी या शोधात अनेक दशके घालवली. त्या बातमीतील ‘ओ’ हा केवळ छपाईचा दोष होता का, हे सांगणारी दुसरी नोंद अजून मिळालेली नाही. ती कोठे असेल, तर कोणाच्या तरी व्यवस्थित लिहिलेल्या कागदावरच असेल.