पुणे–नागपूर विमान: ६०५ किमी अंतर, सव्वा तास वेळ… हे आकडे येतात कुठून?

‘पुणे ते नागपूर विमानाने किती वेळ’ असं सर्च केलं की अंतर साधारण ६०५ किमी आणि वेळ सव्वा तास दिसते. रस्त्याने हेच अंतर ७०० किमीच्या आसपास आहे. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे आकडा दिसला की त्यामागचा फॉर्म्युला बघतो. चला, तोच बघूया.

अंतर कसं काढतात?

लोहगाव विमानतळ (कोड पीएनक्यू) साधारण १८.५८ उत्तर अक्षांश आणि ७३.९२ पूर्व रेखांशावर आहे. नागपूर (एनएजी) २१.०९ आणि ७९.०५ वर. पृथ्वी गोल धरून दोन बिंदूंमधलं अंतर काढायचं, तर अ‍ॅप ‘हॅवरसाइन’ फॉर्म्युला वापरतात. पण एवढ्या अंतराला दहावीतला पायथागोरसही पुरतो.

अक्षांशाचा १ अंश म्हणजे सुमारे १११ किमी. रेखांश ध्रुवाकडे जवळजवळ येत जातात, म्हणून पुणे-नागपूर पट्ट्यात त्यांचा १ अंश साधारण १०४.६ किमी भरतो.

- उत्तरेकडे: २.५१ × १११ = २७९ किमी
- पूर्वेकडे: ५.१३ × १०४.६ = ५३७ किमी

दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उत्तर ६०५!

आणि वेळ?

इथे खरी गंमत आहे. बरेच कॅल्क्युलेटर वेळ मोजत नाहीत, गृहीत धरतात. ताशी ८०० किमी वेग धरला तर ६०५ किमीला ४५ मिनिटं. उड्डाण आणि लँडिंगसाठी वर ३० मिनिटं. झाला सव्वा तास.

तिकिटावरची वेळ वेगळी असते. तिला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. विमान पार्किंगमधून हललं तेव्हापासून दुसऱ्या विमानतळावर पार्क होऊन थांबेपर्यंतची ही वेळ. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं आणि रांगेत थांबणंही आलं. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ. लढाऊ आणि प्रवासी विमानं एकच धावपट्टी वापरतात, त्यामुळे कधी कधी थांबावं लागतं. म्हणून कंपन्या थोडी जास्त वेळ धरून चालतात. विमान प्रत्यक्ष हवेत किती वेळ होतं, हे फ्लाइटरडार२४ वर दिसतं.

याचा फटका कुठे बसतो?

समजा, नागपुरात ११ वाजता इंटरव्ह्यू आहे. सव्वा तास धरून तुम्ही ९:१५ चं विमान घेतलं. मनातला हिशोब: १०:३० ला पोहोचलो. तिकिटावर पोहोचायची वेळ १०:४० असेल, तर उतरून, बॅग घेऊन बाहेर यायलाच ११ वाजतील. इंटरव्ह्यू गेला.

इकडची बाजूही मोजा. चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं. हिंजवडीहून लोहगावला ट्रॅफिकमध्ये तासाच्या वर सहज जातो. म्हणजे घरापासून मुक्कामापर्यंत पाच तास धरलेले बरे.

तेव्हा अंतरासाठी कॅल्क्युलेटर बिनधास्त वापरा, पण वेळ तिकिटावरचीच बघा आणि घर ते मुक्काम असा हिशोब स्वतः करा. तुमच्या जवळच्या विमानतळाचे अक्षांश-रेखांश मॅपवर मिळतील. वरचं गणित एकदा करून बघाच!