सालांच्या पाट्या, सरकता बर्फ

अलास्कातल्या सूअर्डजवळच्या एक्झिट हिमनदीकडे जाताना वाटेत नुसती सालं लिहिलेल्या पाट्या लागतात. त्या साली बर्फाची कड तिथवर होती! आजोबांच्या बालपणीची पाटी सापडली, की बर्फ किती मागे हटला हे नातवंडं पावलांनी मोजू लागतात.

जवळून हा बर्फ निळसर दिसतो. दाबामुळे हवेचे बुडबुडे निघून गेलेला घट्ट बर्फ तांबडा प्रकाश शोषतो.

खरी मौज मात्र बोटीवर. 1980 साली स्थापन झालेल्या केनाई फ्योर्ड्स राष्ट्रीय उद्यानात, आयालिक हिमनदीसमोर तरंगत्या हिमखंडांवर सील पिलांसह पहुडलेले असतात. समुद्री पाणमांजर उताणं तरंगत पोटावर शिंपला फोडतं. तेवढ्यात दूरवर बर्फाचा कडा ढासळतो. गडगडाट कानी येतो तो क्षणभर उशिरानं.